मस्कतला जाताय? आधी विचारपूस, मग काम

मागच्या अंकात ओमानी हलव्याबद्दल चार ओळी लिहिताना, मी मस्कतला चौदा वर्षं राहिले आहे, हे सहज लिहून गेले. त्यानंतर या सदराकडे आलेली निम्मी पत्रं मस्कतचीच निघाली. कुणाचा मुलगा तिकडं आहे, कुणाला टॉवेलचे नमुने दाखवायला जायचंय, कुणी आयुष्यात पहिल्यांदाच विमानात बसणार आहे. म्हणून यावेळचं सगळं सदर त्यांनाच देते. नव्या वाचकांसाठी एवढंच सांगते : मी साखर पेठेतली. वडील टॉवेलच्या कारखान्यात जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारे, होते. लग्नानंतर २००३ ते २०१७ आम्ही मस्कतच्या मत्रा भागात राहिलो आणि त्यातली सहा वर्षं मी तिथल्या कापडाच्या एका घाऊक पेढीवर हिशेब लिहिले. आता जुळे सोलापुरात असते.

ताई, मुलगा मस्कतच्या रुवी भागात नोकरीला आहे. संक्रांतीची गड्ड्याची जत्रा आटोपली की दोघांनी जायचं म्हणत होतो, पण त्याला रजा मे महिन्यात मिळतेय. तसं ऊन आम्हाला नवं नाही. खरी काळजी भाषेची आहे. ह्यांना इंग्रजी येतं, मला मराठी आणि कामापुरतं हिंदी.
— निवृत्त शिक्षिका, होटगी रोड, सोलापूर

काकू, मेमध्ये जाऊ नका. रजेचं काय ते मुलाला पुढं-मागं करायला सांगा. सोलापूरच्या उन्हाची सवय तिथं कामाला येत नाही, हे मी अनुभवानं सांगते. आपलं ऊन कोरडं. पारा बेचाळीस-त्रेचाळीसवर गेला तरी माठातलं पाणी प्यायलं की जीव थंडावतो. मस्कतला समोर समुद्र आणि पाठीशी उघडेबोडके डोंगर. ते दिवसभर तापतात आणि रात्रभर धग सोडतात. हवा इतकी दमट की घाम वाळतच नाही, घराबाहेर पाऊल टाकलं की चष्म्याच्या काचा धुरकटतात. मी सोलापूरहून एक लहान माठ हौसेनं नेला होता, तो जूनमध्ये पाणी गारच करीना. मस्कतच्या पुढं किनाऱ्यावर कुरय्यात नावाचं गाव आहे. तिथं जून २०१८ मध्ये एकदा सबंध चोवीस तासांत पारा ४२.६ अंशांच्या खाली उतरला नव्हता, म्हणजे रात्रीसुद्धा! नोव्हेंबर ते मार्च हाच तिकडं जायचा काळ. तेव्हा संध्याकाळी समुद्राकाठी अंगावर शाल घ्यावीशी वाटते.

फक्त रमजान कधी आहे ते बघून तिकीट काढा. तो दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो आणि पुढची काही वर्षं नेमका जानेवारी-फेब्रुवारीतच येतोय. त्या महिन्यात दिवसा रस्त्यात, बसमध्ये, बागेत खायचं-प्यायचं नाही, पाण्याचा घोटसुद्धा नाही. तो तिथला कायदा आहे आणि आपल्यालाही लागू आहे. ह्यांना मधुमेह वगैरे असेल तर हा महिना टाळलेलाच बरा.

आता भाषा. काकू, तुम्हाला वाटतं त्यापेक्षा पुष्कळ जास्त अरबी तुम्हाला येतं. आपण साबण म्हणतो, ते साबून म्हणतात. आपली खुर्ची ती त्यांची कुर्सी. हिशेबाला हिसाब, दुकानाला दुक्कान, कुलपाला कुफ्ल, आणि तारखेला तर तारीखच. हे शब्द शेकडो वर्षांपूर्वी तिकडूनच आपल्याकडं आले आणि आपण ते आपलेसे केले. शिवाय मत्राच्या बाजारात हिंदी सर्रास चालते. सोलापूरच्या माणसाच्या कानावर लहानपणापासून मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू अशा चार भाषा पडलेल्या असतात. मी तर त्या बाजारात तेलुगूतसुद्धा भाजी घेतली आहे. 'कम' या शब्दापाशी मात्र थांबा. अरबीत 'कम' म्हणजे 'किती'. तुम्ही हिंदीत 'कम, कम' म्हणत राहिलात आणि समोरचा हिंदी न कळणारा असला, तर तो आपला पुन्हापुन्हा तीच किंमत सांगत बसेल.

यापलीकडे एकच गोष्ट पाठ करा. दुकानात, टॅक्सीत, शेजाऱ्याच्या दारात, कुठंही पहिलं वाक्य कामाचं नको. 'अस्सलामु अलैकुम' म्हणा. मग 'कैफ हालक', म्हणजे कसे आहात. बाई असेल तर 'कैफ हालिक'. ते 'अल्हम्दुलिल्लाह', म्हणजे देवाची कृपा, म्हणतील आणि उलट तुमची चौकशी करतील. घरचे कसे आहेत, मुलं कशी आहेत, कधी आलात, सगळं विचारतील. हे सगळं झाल्यावर काम. सुरुवातीला मला वाटायचं, एक जुडी कोथिंबीर घ्यायला एवढं कशाला? पण जून २००७ मध्ये गोनू चक्रीवादळ आलं आणि आमच्या भागात नळाला पाणी येईना. तेव्हा ज्यांच्याशी रोज जिन्यात अर्धा मिनिट बोलायची, त्या ओमानी शेजारीणबाईंनी न सांगता पाण्याचे दोन कॅन आमच्या दाराशी ठेवले. चौकशीला वेळ लागतो खरा, पण तिथं माणसं जोडली जातात ती त्यानंच.

व्हिसाचे नियम बदलत राहतात, त्यामुळे मुलाला रॉयल ओमान पोलिसांच्या ई-व्हिसाच्या संकेतस्थळावर पाहायला सांगा. पासपोर्टची मुदत सहा महिन्यांहून जास्त उरलेली हवी. औषधं मूळ पाकिटात आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसह न्या. झोपेच्या गोळ्या, जोरकस वेदनाशामक गोळ्या आणि कोडीन असलेलं खोकल्याचं औषध यांवर तिकडं कडक निर्बंध आहेत. घड्याळ दीड तास मागं करायचं. प्लगला तीन चौकोनी पायांची पिन लागते, ती इथूनच घेऊन जा.

अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचे टॉवेलचे माग आहेत. आजवर माल मुंबईच्या एजंटमार्फत जायचा. आता स्वतःच मस्कतला नमुने घेऊन जायचा विचार आहे. चार दिवसांत किती दुकानं होतील?
— तरुण उत्पादक, सोलापूर

दादा, चार दिवसांत चार दुकानं धरा. चाळीस धराल तर एकही होणार नाही.

आधी वार बघा. सुट्टी शुक्रवार आणि शनिवारची. मी गेले तेव्हा गुरुवार-शुक्रवार असायची, २०१३ मध्ये बदलली. त्यामुळे रविवारी सकाळी काम सुरू होईल असं विमान घ्या. दुपारी एकच्या सुमारास मत्राचा बाजार मिटतो तो चारपर्यंत. त्या वेळात कुणाच्या मागं लागू नका, फोनही करू नका. जेवा, झोपा. खरा धंदा संध्याकाळी होतो. मधे अजान झाली की दुकानदार नमाजला जाईल, नोकर तुम्हाला बसवून ठेवेल. तेव्हा घड्याळाकडं बघत बसू नका.

आता मी डोळ्यांनी पाहिलेली गोष्ट सांगते. आमच्या पेढीवर एकदा आपल्याच भागातले एक गृहस्थ आले. माल उत्तम होता. मी हात लावून पाहिला, वीण दाट, काठ सरळ, धुतल्यावर टिकेल असा. पण ते आले तेच बॅग उघडत. शेठनी खजूर पुढं केला तर म्हणाले, नको, आत्ताच नाश्ता झालाय. कहवा आला तो टेबलावर तसाच राहिला आणि हे डाव्या हातानं नमुने पुढं सरकवत भाव सांगत होते. शेठ सभ्य माणूस. सगळं ऐकून घेतलं, 'इन्शाअल्लाह', म्हणजे देवाची इच्छा असेल तर, असं म्हणाले आणि दारापर्यंत सोडायला आले. गृहस्थ खुशीत गेले. ऑर्डर गेली नाही. त्या आठवड्यात त्याहून हलका माल दुसऱ्याकडून घेतला गेला, त्याचा हिशेब मीच लिहिला. मला फार वाईट वाटलं. जागेवरून उठून त्यांना सांगायला हवं होतं, ते राहून गेलं. तुम्हाला सांगतेय.

म्हणून बॅग पायाशी ठेवा. खजूर घ्या, एक तरी. कहवा म्हणजे वेलदोडा घातलेली बिनदुधाची, बिनसाखरेची कॉफी. ती फिंजान नावाच्या बिनकानाच्या इवल्या कपात येते, तीही अर्धीच भरलेली. कप उजव्या हातानं घ्यायचा आणि उजव्याच हातानं परत द्यायचा. रिकामा कप नुसता पुढं केला तर पुन्हा भरला जातो. पुरे असेल तर कप मनगटातून दोन-तीनदा हलकेच हलवून द्यायचा, बोलायची गरज नाही. पाय पायावर टाकून चपलेचा तळ कुणाकडं करू नका. समोर बाई असतील तर त्यांनी हात पुढं केला तरच हस्तांदोलन, नाहीतर छातीवर हात ठेवून मान झुकवा. मालाचा विषय ते काढतील. 'सोलापूर' या नावाला जुन्या दुकानदारांत मान आहे, ते तुम्हाला दिसेलच. आपल्या चादरीला आणि टेरी टॉवेलला भौगोलिक मानांकन आहे, ते अवश्य सांगा. जीएसएम, म्हणजे दर चौरस मीटरचं ग्रॅममधलं वजन, लेबलावर लिहाल तेवढाच भरू द्या, कारण तिथले जुने व्यापारी हातात धरून वजन सांगतात.

भाव सांगताना एक धोका आहे. एका रियालचे हजार बैसा, त्यामुळे दशांशानंतर तीन आकडे लिहितात. १.२५० म्हणजे सव्वा रियाल. आपल्या सवयीनं दोनच आकडे लिहिलेलं कोटेशन गोंधळ करतं. आणि माल कुठल्या बंदरात उतरायचा तेही नीट विचारून घ्या. मत्राचं सुलतान काबूस बंदर गोदीच्या नकाशावर दिसतं खरं, पण मालवाहतूक तिथून २०१४ मध्ये सोहारला गेली. मत्रात आता क्रूझची जहाजं लागतात. सोहार मस्कतपासून दोनशेएक किलोमीटर आहे. हा वाहतुकीचा खर्च कुणाचा, ते आधीच बोला.

आम्ही पूर्ण शाकाहारी. आठ दिवस काय खायचं? घरचा काळा मसाला आणि चटण्या नेल्या तर चालतील ना?
— बार्शीच्या वाचक

शेंगाचटणी न्या, कडक भाकरी न्या, शेंगापोळ्या न्या. काळा मसाला घरीच ठेवा. आपल्या मसाल्यात खसखस असते आणि आखाती देशांत खसखस हा स्वयंपाकाचा जिन्नस मानत नाहीत. ती अफूच्या बोंडातली, म्हणून अमली पदार्थांच्या कायद्यात येते. संयुक्त अरब अमिरातीत तर ती जवळ सापडली म्हणून लोकांना तुरुंग पाहावा लागला आहे, आणि स्वस्त तिकीट पुष्कळदा दुबई किंवा शारजावरूनच जातं. खसखस घातलेले अनारसेसुद्धा नेऊ नका. कुणी 'माझ्या मुलासाठी एवढा डबा न्या' म्हणालं तर उघडून बघितल्याशिवाय घेऊ नका, मग ते कितीही जवळचे असोत.

तिथं उपाशी राहण्याची वेळ येत नाही. रुवीत आणि मत्रात शाकाहारी खाणावळी भरपूर आहेत, इडली-डोशापासून गुजराती थाळीपर्यंत. अरबी पदार्थांत फलाफल म्हणजे चण्याचे वडे, हमूस म्हणजे वाटलेल्या चण्याची चटणी आणि फूल म्हणजे शिजवलेला बाकला, हे बिनधास्त खा. मांस नको म्हणायला 'बिदून लहम' म्हणतात. पण कोंबडीला ते लहम धरत नाहीत आणि मासळीला तर नाहीच. म्हणून 'बिदून लहम, बिदून दजाज, बिदून समक' असं तिन्ही सांगा. आणि एक गोष्ट जरूर खा : खुब्ज रखाल. गव्हाच्या पिठाचा सैल गोळा बाई हातानंच तापल्या तव्यावर फिरवत जाते, मागं पापडासारखा पातळ थर उरतो आणि क्षणात कडक होतो. पहिल्यांदा तो मोडल्याचा आवाज ऐकला तेव्हा मला आमच्या घरची कडक भाकरी आठवून डोळ्यांत पाणी आलं होतं.

मी आणि माझी मैत्रीण, दोघीच जाणार आहोत. कपडे, सुरक्षितता, फोटो, मशिदीत जाता येतं का, सगळंच सांगा.
— महाविद्यालयीन विद्यार्थिनी, सोलापूर

सुरक्षिततेची काळजी कमी करा. मी रात्री दहाला एकटी समुद्राकाठच्या रस्त्यानं घरी आले आहे. टॅक्सी अ‍ॅपवरून घ्या आणि मागच्या सीटवर बसा. खांदे आणि गुडघे झाकलेले असले की बाजारात पुरतं. पंजाबी ड्रेस आणि मोठी ओढणी यासारखं सोयीचं काही नाही.

सुलतान काबूस मशिदीत इतर धर्मीयांना शुक्रवार सोडून रोज सकाळी आठ ते अकरा जाता येतं. तिथं मात्र केस, मनगटं आणि घोटे झाकलेले हवेत, पातळ ओढणी चालत नाही. ही मशीद २००१ मध्ये उघडली आणि तिच्या बांधकामाला तीन लाख टन वालुकाश्म लागला, तो भारतातून गेला. मोठ्या दालनात शिराल तेव्हा सगळ्यांच्या माना वर होतील, कारण झुंबर डोळे दिपवणारं आहे. तुम्ही खाली बघा. सोलापूरच्या मुलींनी तर खालीच बघायला हवं. सबंध दालनभर एकच गालिचा आहे, सत्तर मीटर लांब, साठ मीटरहून रुंद, वजन एकवीस टन. इराणमधल्या सहाशे बायका चार वर्षं तो विणत होत्या. गाठी आहेत १७० कोटी. पाहुण्यांना चालायला त्यावर निळी पट्टी अंथरतात. मी त्या पट्टीच्या कडेला गुडघे टेकले आणि बोटाएवढ्या जागेतल्या गाठी मोजायला लागले. थोड्याच वेळात डोळे दुखायला लागले. माझ्या वडिलांचं आयुष्य मागापाशी गेलं. तुटलेला एक धागा शोधायला ते किती वेळ वाकून उभे राहायचे, ते मी पाहिलंय. ते सोबत असायला हवे होते, असं त्या दिवशी फार वाटलं. वेळ कमी असेल तर बाकी काही सोडा, हा गालिचा सोडू नका.

फोटोचं मात्र मनावर घ्या. पहिल्याच वर्षी मी मत्राच्या बाजारात एका वृद्ध ओमानी बाईचा फोटो न विचारता काढला. तिनं चटकन ओढणी तोंडावर घेतली आणि पाठ फिरवली. तिची ती पाठ अजून डोळ्यांसमोर आहे. मी जाऊन माफी मागितली, तिच्यासमोर फोटो पुसला. तेव्हा तिनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला. विचारलं की पुरुष बहुधा आनंदानं उभे राहतात, बायका बहुधा नको म्हणतात. दोन्ही ठीक. पोलीस, लष्कर आणि सरकारी इमारतींचे फोटो नकोत. बाजाराला लागूनच लवातियांची तटबंदीतली वस्ती आहे. पूर्वी सिंधमधून आलेला हा समाज. दार उघडं दिसलं तरी आत शिरू नका, ती त्यांची घरं आहेत.

हिवाळ्यात अचानक पाऊस पडतो. कोरड्या नदीपात्राला तिथं वादी म्हणतात. वर डोंगरात आभाळ आलं असेल तर वादीत उतरायचं नाही आणि गाडीही घालायची नाही. पाणी मिनिटात येतं.

तिथं देऊळ आहे का?
— अक्कलकोटचे वाचक

आहे. जुन्या मस्कतमध्ये सुलतानांच्या अल आलम राजवाड्याजवळ महादेवाचं मंदिर आहे आणि दारसैत भागात श्रीकृष्णाचं. कच्छचे भाटिया व्यापारी कित्येक पिढ्यांपूर्वी गलबतांतून आले, त्यांनी ती सांभाळली. महाशिवरात्रीला मोठी रांग असते.

पैसे किती न्यावेत आणि आणावं काय?
— पंढरपूरच्या वाचक

एक रियाल म्हणजे दोनशे रुपयांहून जास्त, हे सतत ध्यानात ठेवा. आकडा छोटा दिसतो आणि हात सैल सुटतो. बैसा हा शब्द आपल्या पैशावरूनच आला. १९७० पर्यंत तिथं रुपयाच चालायचा. आखातासाठी रिझर्व्ह बँकेनं १९५९ मध्ये वेगळ्या नोटा काढल्या होत्या. आमच्या गल्लीतला म्हातारा चांदीवाला अजून 'रुपया' म्हणून भाव सांगायचा.

लोबान आणा. तो धोफारचा, म्हणजे दक्षिणेकडचा. हिरवट झाक असलेले, पारदर्शक खडे चांगले. पिवळट, धुरकट खडे स्वस्त. हलवा डब्यात नीट टिकतो. हातानं भरलेली कुम्मा टोपी घासाघीस करून घ्या, पण हसत घ्या, आणि भाव पटल्यावर माघार घेऊ नका.

मुलाच्या ओमानी साहेबांनी आम्हा दोघांना घरी जेवायला बोलावलंय. काय न्यावं, कसं वागावं?
— पहिल्या पत्रातल्याच काकू

काकू, हे पत्र वाचून मला फार आनंद झाला. सोलापुरी चादर न्या. दोन न्या, एक साहेबांना आणि एक त्यांच्या आईंना. देव-देवतांचं चित्र नसलेली, मोरांची किंवा फुलांची. शाकाहारी आहात हे मुलाकरवी आधीच कळवा. तिथं जाऊन सांगितलंत तर यजमानाला ओशाळल्यासारखं होतं.

चपला दाराशी काढा. तुम्हाला बायकांच्या खोलीत नेतील, ह्यांना पुरुषांच्या मजलिसमध्ये. घाबरू नका, साहेबांच्या आई तुम्हाला हाताला धरून शेजारी बसवतील. जेवण जमिनीवर, मोठ्या एका थाळीत. उजव्या हातानं, आपल्या पुढचंच खायचं. त्या तुमच्यापुढं पुन्हापुन्हा वाढतील. दोनदा घ्या, तिसऱ्यांदा पोटावर हात ठेवून 'अल्हम्दुलिल्लाह' म्हणा. हलवा येईल, कहवा येईल. मुलाबाळांचं, सासरचं, गावाचं विचारतील. हिंदीत सांगा, तेही अडलं तर मराठीत सांगा. कुणीतरी लेक-सून समजावून देईल.

शेवटी धूपदाणीत लोबान किंवा ऊद पेटवून फिरवतील. धूर हातानं पदराकडं, केसांकडं घ्यायचा. तिकडं म्हणतात, ऊद फिरल्यावर बसणं नाही. तुमच्यापर्यंत धूपदाणी आली आणि पुढं गेली, की उठा आणि पलीकडच्या खोलीत ह्यांना निरोप धाडा.